बांध सारखाच, पण गुंठे कमी! इसार देण्याआधी हा हिशेब करा

सातारा/सांगली : वाटणी असो की खरेदी, टेप धरून चारी बांध मोजायचे आणि बेरीज जुळली की क्षेत्र जुळलं असं धरायचं, हे अजून अनेक गावांत चालतं. इथंच गणित फसतं.

१ गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे १ एकर.

आता दोन रानं बघा. पहिलं २२० बाय १९८ फूट. चारी बांध मिळून ८३६ फूट, क्षेत्र ४३,५६० चौरस फूट, बरोबर ४० गुंठे. दुसरं ३१९ बाय ९९ फूट. बांध तेवढाच, ८३६ फूट. कुंपणाला तारही तेवढीच लागणार. क्षेत्र मात्र ३१,५८१ चौरस फूट, म्हणजे २९ गुंठेच. ११ गुंठ्यांचा फरक!

तिरक्या रानात समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतात. त्यातही क्षेत्र जास्तच दिसतं. बाजू २२० आणि १९८ फूटच, पण दोन लांब बांधांमधलं काटकोनातलं अंतर १४८.५ फूट असेल, तर रान ३० गुंठेच भरतं.

मग करायचं काय? एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा. रानाचे दोन त्रिकोण होतील. दोरीची लांबी गुणिले कोपऱ्यापासून दोरीपर्यंतचं काटकोनातलं अंतर, भागिले २. दोन्ही त्रिकोणांची बेरीज म्हणजे खरं क्षेत्र.

ते सातबाऱ्याशी ताडून बघा. १ एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर. फरक आला तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा, इसार नंतर.