तीन्य (स्की केंद्र)

तीन्य हे फ्रान्सच्या साव्वा विभागातील एक गाव व आल्प्समधील मोठ्या स्की केंद्रांपैकी एक आहे. इझेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, तारांतेझ या भागात, ते वसले असून इटलीची सीमा तेथून फार दूर नाही. शेजारच्या व्हाल दिझेर या केंद्राशी त्याचे स्कीमार्ग जोडलेले आहेत. दोन्ही मिळून सुमारे ३०० किलोमीटर लांबीचे मार्ग एकाच पासवर वापरता येतात. हे संयुक्त क्षेत्र अनेक वर्षे 'एस्पास किली' या नावाने ओळखले जात असे. १९६८ च्या ग्रनोबल हिवाळी ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकणारा जाँ-क्लोद किली व्हाल दिझेरमध्ये वाढला, त्याच्यावरून हे नाव पडले होते.

तीन्यविषयी पर्यटकांमध्ये दोन मते रूढ आहेत. बर्फाच्या खात्रीबाबत आल्प्समध्ये त्याच्या तोडीची केंद्रे थोडी, हे एक. आणि ते दिसायला कुरूप आहे, हे दुसरे. ही दोन मते दोन वेगळ्या गटांची नाहीत. पुष्कळदा एकच पर्यटक दोन्ही व्यक्त करतो आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेथेच जातो. गुण आणि दोष या दोहोंचे मूळ एकच आहे: आजचे तीन्य जुन्या गावाच्या जागी नाही, तर त्याच्या कितीतरी वर, झाडेही वाढत नाहीत अशा उंचीवर उभारलेले आहे.

बुडालेले गाव

जुने तीन्य इझेरच्या काठावर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सला विजेची तीव्र टंचाई भासत असताना तेथे शेव्रिल धरण बांधण्याचा निर्णय झाला. रहिवाशांनी त्याला कडवा विरोध केला, परंतु १९५२ मध्ये पोलीस बंदोबस्तात गाव रिकामे करण्यात आले, कबरी उकरून हलवण्यात आल्या, घरे पाडण्यात आली आणि पाणी चढू लागले. १८० मीटर उंचीचे हे कमानी धरण फ्रान्समधील सर्वांत उंच धरण आहे. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हाँसाँ ओरिऑल यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गावकऱ्यांपैकी अनेकजण कायमचे अन्यत्र गेले. जे राहिले त्यांच्यासाठी ले ब्वास येथे नवी वस्ती व जुन्याच्या धर्तीवर चर्च बांधण्यात आले.

तपासणीसाठी जलाशय पूर्वी सुमारे दहा वर्षांनी एकदा रिकामा केला जाई. त्या वेळी गाळातून जुन्या घरांचे अवशेष वर येत आणि धरणग्रस्त व त्यांची मुले ते पाहण्यासाठी खाली उतरत. असे शेवटचे रिकामे करणे २००० साली झाले. बहुतेक पर्यटक मात्र धरणाजवळून बसने वर जाताना त्याकडे केवळ एक मोठी भिंत म्हणून पाहतात. १९८९ मध्ये जाँ-मारी पिएरे या चित्रकाराने या भिंतीवर हर्क्युलीजचे प्रचंड चित्र रंगवले होते. ते आता जवळजवळ पुसट झाले आहे. 'ले रव्हनाँ' या फ्रेंच दूरचित्रवाणी मालिकेत, जिच्यात मृत माणसे आपल्या गावी परततात, याच धरणाचे चित्रण आले. तीन्यचा इतिहास माहीत असणाऱ्यांना ही निवड सूचक वाटते.

वस्त्या व वास्तुरचना

तीन्य हे एकसंध गाव नसून वेगवेगळ्या उंचीवरील वस्त्यांचा समूह आहे. ल लाक, ल लाव्हाशे व व्हाल क्लारे या मुख्य वस्त्या सुमारे २,१०० मीटर उंचीवर एका नैसर्गिक तळ्याच्या परिसरात आहेत. ले ब्वास आता 'तीन्य १८००' या नावाने ओळखले जाते. १,५५० मीटरवरील ले ब्रेव्हिएर हे धरणाच्या खालच्या बाजूस असल्यामुळे वाचलेले जुने खेडे आहे. दगडी घरे व अरुंद गल्ल्या पाहायच्या असतील तर पर्यटकांना तेथेच जावे लागते, आणि दुपारचे जेवण तेथे घेण्याची पद्धतही त्यामुळेच पडली असावी.

वरच्या वस्त्या प्रामुख्याने १९६० व १९७० च्या दशकांत उभ्या राहिल्या. डोंगरात परकीय चलन आणणारी मोठी केंद्रे निर्माण करावीत, असे त्या काळात फ्रेंच सरकारचे धोरण होते. व्हाल क्लारेमधील उंच काँक्रीट इमारती या धोरणाच्या ठळक खुणा होत. पर्यटकांची टीका मुख्यतः यांच्यावर रोखलेली असते. त्यांतील सदनिकाही लहान असतात: दाराजवळच्या कोनाड्यात एकावर एक पलंग, एका भिंतीला स्वयंपाकाचा ओटा, आणि एवढ्यात चार माणसे. ओल्या बुटांसाठी व हातमोज्यांसाठी जागा उरत नाही, हा अशा घरांविषयीचा नेहमीचा अनुभव.

तरीही या इमारतींची एक बाजू टीकेत हरवते. त्यांच्या दारातून स्की लावून थेट मार्गावर उतरता येते आणि संध्याकाळी दारापर्यंत परत येता येते. अवजड बूट घालून बर्फाळ रस्त्यावरून चालणे ज्यांनी इतरत्र अनुभवले आहे, ते या सोयीला फार मोल देतात. वस्त्यांदरम्यान हंगामात विनामूल्य बससेवाही असते. अलीकडे अनेक दर्शनी भागांवर लाकूड व दगडाचे आच्छादन चढवण्यात आले असून नव्या इमारती उतरत्या छपरांच्या आहेत. काहींना हा बदल सुखावतो, तर काहींना तो उसना वाटतो.

बर्फ व स्कीमार्ग

तीन्यची खरी ख्याती उंचीवर अवलंबून आहे. ३,६५० मीटरहून अधिक उंचीच्या ग्रांद मोत शिखराखाली हिमनदी आहे. व्हाल क्लारेहून भुयारातून जाणारी सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीची फ्युनिक्युलर रेल्वे १९९३ पासून प्रवाशांना काही मिनिटांत ३,०३२ मीटरवर पोहोचवते. तेथून रज्जुमार्ग ३,४५६ मीटरपर्यंत जातो. या टोकापासून ले ब्रेव्हिएरपर्यंत उतरल्यास उंचीत सुमारे १,९०० मीटरचा फरक पडतो. अनुभवी पर्यटक या उताराचा उल्लेख आवर्जून करतात, तसेच एग्वीय पेर्से या आरपार छिद्र असलेल्या खडकाजवळून निघणाऱ्या 'साश' या काळ्या मार्गाचाही. फ्रान्समध्ये हिरवा, निळा, तांबडा व काळा असा चढत्या अवघडपणाचा क्रम असतो. तीन्यमध्ये काही काळे मार्ग मुद्दाम यंत्राने सपाट न करता तसेच ठेवले जातात.

डिसेंबरच्या प्रारंभी किंवा एप्रिलच्या अखेरीस खालच्या उंचीवरील केंद्रांमध्ये गवत दिसत असते, तेव्हा तीन्यमध्ये बहुधा पुरेसा बर्फ असतो. सुट्टीचे पैसे वाया जाऊ नयेत एवढीच ज्यांची अपेक्षा असते, अशांसाठी हाच निर्णायक मुद्दा ठरतो.

याच उंचीची किंमत हवामान बिघडल्यावर मोजावी लागते. झाडे नसल्यामुळे धुके व हिमवर्षावात आकाश आणि जमीन एकच होतात आणि उतार चढता आहे की उतरता, हेही कळेनासे होते. असे दिवस अनेकांना सदनिकेतच काढावे लागतात. पहिल्या एक-दोन रात्री डोकेदुखी व अपुरी झोप यांचीही तक्रार असते. वारा वाढला की व्हाल दिझेरला जोडणाऱ्या लिफ्ट बंद होतात. दुपारी पलीकडे अडकलेल्यांना मग रस्त्याने, बहुधा महागड्या टॅक्सीने, वळसा घालून परतावे लागते.

नवशिक्यांविषयी मते विभागलेली आहेत. तळ्याजवळचे सोपे उतार शिकण्यास योग्य मानले जातात. परंतु संयुक्त क्षेत्रातील, विशेषतः व्हाल दिझेरच्या बाजूचे, काही हिरवे व निळे मार्ग नावापेक्षा अवघड आहेत, ही तक्रार फार जुनी आहे. दिवसाच्या शेवटी थकलेली गर्दी त्यांवर एकवटते, तेव्हा ती अधिकच खरी ठरते. फेब्रुवारीतील फ्रेंच शालेय सुट्ट्यांत लिफ्टपुढे रांगा लागतात. शनिवारी, पाहुणे बदलण्याच्या दिवशी, खोऱ्यातील रस्ता तुंबतो. बूर-सां-मोरिसपर्यंत रेल्वेने येऊन पुढे बस घेणारे हा त्रास थोडाफार टाळतात.

व्हाल दिझेरमध्ये जुने चर्च, दगडी मुखवट्याची हॉटेले व अधिक गजबजलेली संध्याकाळ आहे, परंतु खर्चही अधिक येतो. म्हणून राहायचे तीन्यमध्ये व एखादा दिवस पलीकडे घालवायचा, असा मार्ग बरेच पर्यटक पत्करतात.

उन्हाळी स्कीइंग व हिमनदी

ग्रांद मोत हिमनदीमुळे तीन्यमध्ये एकेकाळी वर्षातील ३६५ दिवस स्कीइंग करता येते, अशी जाहिरात केली जात असे, आणि ती पोकळ नव्हती. अनेक देशांचे संघ उन्हाळ्यात सरावासाठी येत. १९९२ च्या आल्बेर्तव्हिल ऑलिंपिकमधील फ्रीस्टाइल स्कीइंगच्या स्पर्धाही तीन्यमध्येच झाल्या. तेथील उंचवट्यांच्या शर्यतीला त्या वेळी प्रथमच पदकाचा दर्जा मिळाला.

हिमनदी आक्रसत गेल्याने उन्हाळी हंगाम आता जून-जुलैमधील काही आठवड्यांवर आला आहे, आणि शरद ऋतूतील उघडण्याच्या तारखाही पुढे ढकलाव्या लागल्या आहेत. १९८० च्या दशकात तेथे उन्हाळ्यात स्कीइंग केलेले पर्यटक परत येतात तेव्हा वस्तीतील बदलांपेक्षा हिमनदीच्या कडेला उघड्या पडलेल्या खडकांविषयी अधिक बोलतात. सध्या उन्हाळ्यात येणाऱ्यांचा भर डोंगरी सायकली, पायवाटा व तळ्याकाठचे खेळ यांवर असतो. पाऊस नसेल तर त्यांतील काहीजण शेव्रिलच्या काठावर थांबून पाण्याखालील गाव नेमके कोठे होते, याची चौकशी करतात.