जुनी पिकअप घेताना कागद आधी

औंढ्याच्या आमच्या भाच्याने तांदूळ, भाजी लोणावळ्याच्या बाजारात पोचवण्यासाठी जुनी पिकअप घ्यायचे ठरवले. पैसे बहिणीने बचत गटातून उचललेले. "मामा, स्वस्तात मिळतेय, इसार देऊन टाकू का?" आम्ही म्हणालो, "आधी कागद, मग गाडी."

आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा तसाच होता. मालक म्हणे, "कर्ज कधीच फिटले." फिटले असेल, तर कंपनीचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 हवा. तो नव्हता. भाचा रुसला, पण इसार वाचला.

महिन्याने दुसरी पाहिली, भर उजेडात. आमच्याकडच्या पावसात पत्रा खालून सडतो, म्हणून हौद्याखाली वाकून पाहिले. चासी नंबर आरसीशी ताडला. ओळखीच्या मेस्त्रीने थंड इंजिन चालू करून धूर पाहिला. विमा, कर, थकलेली चलने तपासली. मालवाहू गाडी 8 वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो. तो खर्च धरूनच भाव केला.

व्यवहार झाल्यावर फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी लगेच नावावर करून घ्यावी. "नाव नंतर करू" हे ऐकू नये. विकणाऱ्यानेही जपावे: अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे.

बंधू-भगिनींनो, घामाचा पैसा आहे. चार दिवस उशीर चालेल, फसगत परवडणार नाही.