गाडी रात्री कुठे उभी राहते?

गेल्या वर्षी पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या सभेत मी अर्ज ठेवला : माझ्या पार्किंगच्या जागेत विजेच्या मोटारीसाठी जोडणी घेऊ द्यावी. अर्धा तास वाद झाला आणि विषय पुढल्या सभेवर गेला. तेव्हा मी चिडलो. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा विरोधकांच्या शंकेतही तथ्य असल्याचे ध्यानात आले.

विजेची मोटार काही नवी नाही. ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा १८९९ साली प्रथम ओलांडला तो विजेच्याच मोटारीने. त्या सुमारास अमेरिकेतल्या मोटारींपैकी जवळजवळ एक-तृतीयांश विजेवर चालत. पुढे फोर्डची स्वस्त गाडी आली, १९१२ मध्ये कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याचा त्रास संपला. शिवाय शहराबाहेर वीज नव्हती. पेट्रोल मात्र डब्यातून कुठेही नेता येई. म्हणजे अडचण तेव्हाही गाडीची कमी आणि ती भरायची कुठे, याची जास्त होती.

आजचे गणित पाहा. तीस युनिटांच्या बॅटरीवर लहान मोटार साधारण दोनशे किलोमीटर जाते. पंधरा अँपिअरच्या घरगुती प्लगमधून तासाला तीनेक युनिट मिळतात. म्हणजे पूर्ण भरायला दहा तास. आमच्या साठही घरांनी रात्री एकदम प्लग लावले, तर १८० किलोवॅटचा जादा भार पडेल. इमारतीचा ट्रान्सफॉर्मर बसवताना हा हिशेब कुणी धरलेलाच नव्हता. अर्थात रोजच्या चाळीस किलोमीटरांना सहा युनिट, म्हणजे दोनच तास पुरतात. पाळ्या लावल्या तर भार बराच हलका होतो. पण पाळ्या कोण लावणार, केबलचा खर्च कुणी सोसायचा आणि ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनी तो का द्यावा? इथे प्रश्न विजेचा राहत नाही, शेजारधर्माचा होतो.

महामार्गावरचे कोडे वेगळे. पंपावर एक गाडी पाच मिनिटांत मोकळी होते; जलद चार्जरवर अर्धा तास धरला, तर एका पंपाच्या जागी सहा चार्जर हवेत. शिवाय ऐंशी टक्क्यांनंतर भरण्याचा वेग मंदावतो. दिवाळीच्या सुट्टीतली कोकणची वाट डोळ्यांसमोर आणा, म्हणजे रांगेची कल्पना येईल.

नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ विजेच्या होत्या. पण तिथली वीज बहुतांशी जलविद्युत, करसवलती जुन्या आणि घराशेजारी गाडी लावण्याची सोय असलेली कुटुंबे पुष्कळ. आपली सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशाची. रस्त्यावरचा धूर काही अंशी चंद्रपूर-कोराडीच्या धुराड्यांकडे सरकतो. तरीही एक फरक मोलाचा आहे : वीज जसजशी स्वच्छ होईल, तसतशी आज घेतलेली मोटारही स्वच्छ होत जाईल. पेट्रोलच्या गाडीला ही सोय नाही.

यंदा मी अर्ज बदलला. माझ्यापुरती जोडणी न मागता सगळ्यांसाठी एक सामायिक लाइन आणि रात्रीच्या पाळ्या मागितल्या. इमारतीच्या वीजभाराची तपासणी करून घ्यायला सभेने मान्यता दिली. गाडी अजून घेतलेली नाही.

हे सगळे मी गावी जाताना आमच्या नेहमीच्या टॅक्सीवाल्याला सांगत होतो. तो दिवसाला दीड-दोनशे किलोमीटर गाडी चालवतो. विजेने सर्वांत जास्त पैसे वाचतील ते त्याचे, माझे नव्हेत. पण तो राहतो चाळीत आणि गाडी लावतो रस्त्याच्या कडेला. ऐकून घेऊन तो म्हणाला, “काका, तुमच्याकडं लाइन आली की रात्री माझी गाडी लावू द्याल का?”

सोसायटीच्या नियमांत याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मला ते त्याला सांगवले नाही.