मे महिन्यातली शाल

नवतपा सुरू होता आणि गोंदियातल्या एका लग्नात माझ्या शेजारच्या आजींनी पिशवीतून शाल काढून अंगावर घेतली. सभागृह वातानुकूलित होतं, एसीवर आकडा 18. हात धुवायला मागच्या बाजूला गेले, तर तिथे भांडी घासणाऱ्या बाया बसल्या होत्या. एसीच्या बाहेरच्या पेट्यांचा गरम झोत थेट त्यांच्या पाठीवर येत होता. आतली उष्णता बाहेर फेकणं एवढंच ते यंत्र करतं. फेकायची कुणाच्या अंगावर, हे आपण ठरवतो.

उष्णता पाठीवर तरी जाणवते, कोळसा तर दिसतच नाही. दीड टनाचा एसी रात्रभर चालला की दहाएक युनिटं सहज लागतात. कोळशावर बनणाऱ्या विजेच्या एका युनिटामागे साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एका खोलीच्या एका रात्रीला सहा-सात किलो कोळसा. आपल्या देशी कोळशात राख तिसऱ्या हिश्शाहून जास्तच असते, तेव्हा दोनेक किलो राख मागे उरते. ती कुठे तरी साठवावी लागते.

गोंदियाकरांना ते ‘कुठे तरी’ लांब नाही. तीसेक किलोमीटरवर तिरोड्याला अदानी पॉवरचा 3300 मेगावॉटचा प्रकल्प आहे, 660 मेगावॉटचे पाच संच. कोळसा रेल्वेने येतो, पाणी वैनगंगेचं. बहुतेक वीज महावितरण घेते आणि 765 किलोव्होल्टच्या वाहिन्या ती कोराडी, अकोल्याकडून पुढे पश्चिमेला नेतात. त्या विजेवर दवाखाने चालतात, शेतपंप चालतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच विजेवर कुठे तरी अठरा अंशात दुलई ओढून झोपणंही चालतं, आणि राख मात्र तिरोड्यात निघते.

गरज आणि चैन यांतला हा भेद नवा नाही. 1990 मध्ये एका अमेरिकी संस्थेने देशोदेशींच्या उत्सर्जनाचा तक्ता मांडला आणि त्यात भारत-चीनच्या माथी मोठा वाटा आला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी 1991 मध्ये पुस्तिका काढून त्याला उत्तर दिलं. भातशेतीतला, गुरांचा मिथेन आणि मोटारींचा धूर एकाच मापाने मोजू नका, एक जगण्यासाठीचा आहे आणि दुसरा चैनीचा, असं त्यांचं म्हणणं. आमचा जिल्हा धानाचा. रोवणीनंतर बांधीत पाणी साचून राहतं, चिखलात हवा पोहोचत नाही, तिथले जिवाणू मिथेन सोडतात. पण त्या बांधीतून घरचा तांदूळ येतो. तो धूर आणि शालीमागचा धूर एक नव्हे.

2007 मध्ये ग्रीनपीसच्या भारतीय शाखेने हाच प्रश्न देशाच्या आत वळवला: भारताची दरडोई उत्सर्जनाची सरासरी कमी दिसते ती गरिबांमुळे, आणि श्रीमंत त्या सरासरीच्या आड लपतात. मला हे फार खरं वाटतं. उन्हाळ्यात पहाटे जंगलात जाऊन तेंदूपत्ता तोडणारी बाई आणि चार एसींच्या बंगल्यातलं कुटुंब एकाच सरासरीत बसतात. वाढत्या उन्हाचा तडाखा मात्र आधी तिलाच बसतो.

एसी म्हणजे पाप, असं मी म्हणत नाही. आजारी माणसाला, तान्ह्या बाळाला तो लागू शकतो. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात ताट्या लावलेला कूलर दीड-दोनशे वॉटमध्ये घर गार करतो, पण त्याला पाणी लागतं आणि पाऊस सुरू झाला की तो चिकचिक करतो. एसीत पुन्हा वायूचाही प्रश्न आहे. अनेक एसींमधल्या आर-410ए वायूची एक किलो गळती म्हणजे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड. दुरुस्तीच्या वेळी तो हवेत सोडून देणारे कारागीर मी पाहिले आहेत.

ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने तापमान एक अंश वर ठेवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. अठराचे चोवीस केले तर जवळजवळ तिसरा हिस्सा. 2020 पासून खोल्यांचे नवे एसी चालू करताना आपोआप चोवीसवर यावेत, असा नियमही आहे. पुढे खाली आणतो तो आपला हात.

त्या दिवशी निघताना मी सभागृहाच्या व्यवस्थापकाला विचारलं, चोवीसवर का ठेवत नाही? तो म्हणाला, “ताई, पार्टीनं बुकिंग करतानाच सांगितलं होतं, हॉल एकदम गार पाहिजे.”