कॅलिपरला रंग द्यायचाय? आधी हे गैरसमज पुसा

अलॉय व्हीलच्या आऱ्यांमधून दिसणारा लालभडक कॅलिपर अनेकांना भुरळ घालतो. घरच्या पार्किंगमध्ये, सुटीच्या दिवशी, धीराने करता येण्यासारखं हे काम आहे. पण रंग ज्या भागाला द्यायचा, तोच भाग गाडी थांबवतो. म्हणून डबा उघडण्याआधी त्याचं काम समजून घ्यायला हवं.

कॅलिपर डिस्कला दोन्ही बाजूंनी कवेत घेतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑईलच्या दाबाने आतला पिस्टन पुढे येतो आणि पॅड डिस्कवर आवळले जातात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हा कॅलिपर बिडाचा असतो आणि गाईड पिनांवर आत-बाहेर सरकतो. यावरून या कामाचा एकच नियम निघतो : जे हलत नाही त्यालाच रंग, जे सरकतं, सील करतं किंवा दुसऱ्या भागाला टेकून बसतं ते कोरं ठेवायचं.

गैरसमज १ : रंगीत कॅलिपरने ब्रेक चांगले लागतात किंवा थंड राहतात.

वस्तुस्थिती : रंगाने ब्रेकची ताकद वाढत नाही. पोर्शच्या गाड्यांवर पिवळा कॅलिपर दिसतो तो सिरॅमिक डिस्कची खूण म्हणून, आणि हायब्रिड मॉडेलांवर पोपटी दिसतो तो ओळख म्हणून. आधी यंत्रणा वेगळी, मग तिचा रंग वेगळा. घरी दिलेल्या रंगाचे फायदे दोनच : चाक देखणं दिसतं आणि बिडावर गंज चढायचा वेग मंदावतो. कोकणच्या खाऱ्या हवेत हा दुसरा फायदाही लहान नाही.

गैरसमज २ : घरात उरलेला ऑईल पेंट किंवा साधा स्प्रे चालतो.

वस्तुस्थिती : एक टनाची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबते तेव्हा सुमारे २५० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. पाऊण लिटर पाण्याला उकळी आणायला एवढी पुरते. घाट उतरताना हे पुन्हापुन्हा घडतं. डिस्क काहीशे अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते आणि तिची धग कॅलिपरला लागते. साधा रंग अशा वेळी पिवळा पडतो, फुगतो, पापुद्र्यांनी सुटतो. कॅलिपरसाठीच बनवलेला, उष्णता सोसणारा रंग घ्यावा. तो स्प्रेच्या डब्यात मिळतो, तसाच ब्रशने लावायचा दोन भागांचा इपॉक्सीही मिळतो. नवख्याला ब्रशचा सोपा. तो इकडेतिकडे उडत नाही.

गैरसमज ३ : रॉकेल किंवा डिझेलने पुसलं की साफ झालं.

वस्तुस्थिती : त्याने मळ जातो, पण तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. तोच थर पॅडवर गेला तर ब्रेक घसरतात. आधी साबणाच्या पाण्याने धुवावं, तारेच्या ब्रशने सुटा गंज काढावा, घासकागद फिरवावा आणि शेवटी ब्रेक क्लीनर मारून पूर्ण वाळू द्यावं. ब्रेकची काळी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये; जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपावी, नाकावर मास्क असावा.

गैरसमज ४ : चांगलं काम हवं तर कॅलिपर पूर्ण सोडवावा लागतो.

वस्तुस्थिती : सवय नसेल तर ब्रेकची होज उघडूच नये. ती उघडली की हवा आत शिरते, पेडल मऊ पडतं आणि ब्लीडिंग, म्हणजे ती हवा बाहेर काढणं, करावंच लागतं. शिवाय नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑईल रंग विरघळवतं. सांडलं तर कॅलिपरचाच काय, बॉडीचाही रंग जातो. कॅलिपर जागेवर ठेवून मास्किंग टेप आणि कागदाने बाकीचं झाकलं तरी काम नीट होतं. सफाईसाठी ब्रॅकेटवरून उतरवलाच, तर तो तारेने टांगावा. होजवर लोंबकळू देऊ नये.

गैरसमज ५ : थोडा रंग इकडेतिकडे लागला तर बिघडत नाही.

वस्तुस्थिती : इथेच खरा धोका आहे. गाईड पिनवर किंवा पॅड सरकतात त्या खाचेत रंग गेला, तर पॅड अडकतो, एका बाजूने झिजतो, चाक गरम होतं. रबरी बूट आणि ब्लीडर निपलही झाकून ठेवावेत. हब आणि चाक जिथे एकमेकांना टेकतात तिथे रंगाचा थर राहिला, तर तो दबून नट सैल होऊ शकतात. मागे ड्रम असतील तर त्यांनाही बाहेरून रंग देता येतो, पण चाक बसतं ती जागा सोडूनच.

गैरसमज ६ : एकच जाड हात दिला की टिकतो.

वस्तुस्थिती : जाड थर ओघळतो आणि वरून वाळून आत ओला राहतो. पातळ तीन-चार हात द्यावेत, मधलं अंतर डब्यावर लिहिलं असेल तेवढं ठेवावं. दमट हवेत रंग नीट वाळत नाही, म्हणून पावसाळा टाळून दिवाळीनंतरचे कोरडे दिवस निवडावेत. पूर्ण वाळेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

गैरसमज ७ : त्यापेक्षा प्लॅस्टिकचं कव्हर चिकटवणं सोपं आणि सुरक्षित.

वस्तुस्थिती : सोपं खरं, सुरक्षित नाही. डिंक उष्णतेने सुटतो. निसटलेलं कव्हर फिरत्या चाकाच्या आतून घासतं, अडकतं, आणि कॅलिपरला लागणारा वाराही अडवतं. पातळ रंगाच्या बाबतीत यातली कुठलीच भीती नाही.

जॅकवर विसंबू नका

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्यावी. दुसऱ्या टोकाच्या चाकांना ठोकळे लावावेत. चाक जमिनीवर असतानाच नट किंचित सैल करावेत आणि उचलल्यावर जॅक स्टँड लावल्याशिवाय हात आत घालू नये. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. चाक परत बसवताना नट समोरासमोरचे आवळत जावेत आणि शेवटी मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला घट्ट करावेत. निघण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत काही वेळा दाबावं, मग मोकळ्या जागी हळू वेगात ब्रेक तपासावेत.

चाक उतरलेलंच आहे, तर रंगाआधी चार गोष्टी बघाव्यात : पॅड किती उरलेत, दोन्ही सारखे झिजलेत का, बूट फाटलाय का, ऑईल पाझरतंय का. यात काही दोष आढळला तर रंगाचा डबा बाजूला ठेवून गाडी मेकॅनिककडे न्यावी. आधी दुरुस्ती, मग रंग.