थंड कॉफीचा घरगुती हिशेब

बेंगळुरूच्या दक्षिण सीमेवरील इलेक्ट्रॉनिक सिटी ही वसाहत १९७० च्या दशकात ‘केओनिक्स’ या राज्य सरकारी महामंडळाचे आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून उभी राहिली. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या शिवारात तिची पायाभरणी झाली. २०१० मध्ये सिल्क बोर्डापासून उन्नत मार्ग आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका येथून धावू लागली. पुणे, कोल्हापूर, सोलापूर, नागपूर येथून नोकरीनिमित्त आलेली असंख्य मराठी कुटुंबे आज या परिसरात स्थिरावली आहेत. भाषा, हवा, स्वयंपाक या साऱ्यांशी जुळवून घेताना त्यांच्या घरात एक नवी वस्तू हमखास शिरते, ती म्हणजे पितळेचा किंवा स्टीलचा कॉफीचा फिल्टर.

उन्हाळ्याच्या दुपारी मात्र वाफाळत्या कॉफीपेक्षा थंड कॉफीची आठवण अधिक होते. कार्यालयाच्या आवारातील उपाहारगृहात ती सहज मिळते, तथापि तिची किंमत खिशाला जाणवते. घरी करून पाहावी, तर बहुतेकांच्या वाट्याला पाणचट, कडवट आणि तळाशी साखर साचलेले पेय येते. हे अपयश हाताचे नसून पद्धतीचे असते. त्यामागील कारणे समजून घेतली, तर तीच कॉफी घरी अल्प खर्चात उत्तम साधते.

कॉफीची भूमी

कॉफीच्या बाबतीत इलेक्ट्रॉनिक सिटीचा रहिवासी भाग्यवान म्हटला पाहिजे. देशातील कॉफीच्या एकूण उत्पादनापैकी सुमारे ७० टक्के उत्पादन एकट्या कर्नाटकात होते आणि कोडगू, चिक्कमगळूरु व हासन हे तीन जिल्हे त्यात अग्रेसर आहेत. १७ व्या शतकात बाबा बुदन या सूफी साधूने येमेनमधील मोखा बंदरातून सात बिया आणून चिक्कमगळूरुच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. त्या डोंगररांगेला आजही त्यांचेच नाव आहे. १९४२ च्या कायद्यान्वये कार्य करणाऱ्या कॉफी मंडळाचे मुख्यालयही बेंगळुरूतच आहे. मंडळाची कॉफीगृहे बंद होऊ लागली, तेव्हा कामावरून कमी झालेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने सहकारी संस्था स्थापन केल्या. त्यांपैकी पहिली १९५७ मध्ये याच शहरात निघाली.

योगायोग असा, की त्याच १९५७ साली ग्रीसमधील थेसालोनिकी येथील व्यापारी जत्रेत, गरम पाणी न मिळाल्यामुळे एका विक्री प्रतिनिधीने झटपट कॉफी थंड पाण्यात घालून खळखळून हलवली आणि ‘फ्रापे’ हे फेसाळ शीतपेय जन्माला आले. आपल्याकडे कोथरूडच्या ‘दुर्गा’मधील कोल्ड कॉफी पुण्यात शिकलेल्या कित्येकांच्या आठवणीत असते. रुची सर्वत्र एकच, पद्धती मात्र निरनिराळ्या.

भुकटीची निवड

दुकानातील कॉफीच्या पाकिटावर दोन आकडे छापलेले असतात. ८०:२०, ७०:३० किंवा ६०:४०. त्यांतील पहिला आकडा कॉफीचा व दुसरा चिकोरीचा. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ होय. तिच्यामुळे अर्काला गडद रंग व दाटपणा येतो, परंतु तिच्यात कॅफीन मुळीच नसते. अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असली पाहिजे आणि दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापले पाहिजे, असा अन्नसुरक्षा नियमांचा दंडक आहे. चिकोरी वाईट नाही. मात्र ग्राहक कोणत्या वस्तूचे पैसे मोजत आहे, हे त्याला ठाऊक असावे. ज्या सावधपणे आपण ठेवीच्या पावतीवरील मुदत व व्याजदर वाचतो, त्याच सावधपणे हे दोन आकडे वाचावेत.

दुधातील थंड कॉफीसाठी ८०:२० चे मिश्रण चांगले, कारण थोडी चिकोरी दुधाला तोलून धरते. बिनदुधाच्या थंड कॉफीसाठी निव्वळ कॉफीची भुकटी घ्यावी. बेंगळुरूत समोर बिया दळून देणारी दुकाने आजही आहेत. तेथून पंधरा दिवस पुरेल एवढीच भुकटी आणावी व ती हवाबंद डब्यात ठेवावी. दळलेल्या कॉफीचा सुगंध लवकर उडतो.

कॉफी पाणचट का होते?

गरम कॉफीत बर्फाचे खडे टाकणे ही सर्वांत प्रचलित चूक होय. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. शीतपेटीतील बर्फ उणे १८ अंशांचा धरला, तर तो शून्य अंशावर येताना आणखी ९ कॅलरी घेतो आणि वितळलेले पाणी ५ अंशांपर्यंत तापताना आणखी ५ कॅलरी घेते. म्हणजे एका ग्रॅममागे सुमारे ९४ कॅलरी. आता १०० ग्रॅम कॉफी ८० अंशांवरून ५ अंशांवर आणायची, तर ७,५०० कॅलरी काढून घ्याव्या लागतील. त्यासाठी जवळजवळ ८० ग्रॅम बर्फ वितळेल. परिणामी पेल्यात सुमारे ४५ टक्के निव्वळ पाणीच राहील!

हीच कॉफी आधी २५ अंशांपर्यंत निववली, तर अवघा २१ ग्रॅम बर्फ पुरतो. यावरून तीन नियम निघतात. अर्क नेहमीपेक्षा दाट काढावा, तो आधी निववून घ्यावा आणि बर्फ शेवटी घालावा. ज्यांना पाण्याचा थेंबही नको, त्यांनी उरलेला अर्कच बर्फाच्या साच्यात ओतून त्याचे खडे करावेत. ते वितळले, तरी कॉफीत कॉफीच मिसळते.

साखर तळाशी बसण्याचे कारणही तापमानातच आहे. थंड द्रवात ती अत्यंत सावकाश विरघळते. शिवाय थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. त्यामुळे माणूस चमच्यावर चमचे घालत राहतो व साखर नकळत पोटात जाते. अर्क गरम असतानाच मोजून साखर विरघळवावी, हा त्यावर साधा उपाय.

दोन पेल्यांची कृती

कॉफीची भुकटी ३० ग्रॅम, म्हणजे साधारण सहा मोठे सपाट चमचे. पाणी १५० मिलिलिटर. तापवून थंड केलेले दूध २०० मिलिलिटर. साखर चार लहान चमचे. बर्फ आठ ते दहा खडे आणि चिमूटभर जायफळ.

फिल्टरच्या वरच्या सच्छिद्र भांड्यात भुकटी घालून दांड्याच्या चकतीने ती हलकेच समतल करावी. फार दाबल्यास पाणी झिरपत नाही आणि मोकळी सोडल्यास ते भराभर निघून जाते व अर्क फिका उतरतो. पाणी उकळून ओतावे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच असल्याने येथे पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे ते क्षणभर थांबून ओतले तरी पुरे. मुंबईत मात्र मिनिटभर निवू द्यावे. कॉफीला साधारण ९० ते ९६ अंशांचे पाणी मानवते.

अर्ध्या तासात खालच्या भांड्यात सुमारे ९० मिलिलिटर अर्क जमतो. येथील भाषेत त्यास ‘डिकॉक्शन’ म्हणतात. उरलेले पाणी चोथ्यात राहते. ते मिळविण्यासाठी चोथा पिळू नये, त्यातून कडवटपणाच उतरतो. गरम अर्कात साखर विरघळवून भांडे थंड पाण्यात ठेवावे. अर्क पुन्हा उकळू नये किंवा तासन्‌तास गरम ठेवू नये, कारण उष्णतेने त्यातील घटक विघटित होऊन चव आंबट-कडू होते. निवलेला अर्क दोन पेल्यांत विभागून त्यात थंड दूध घालावे, झाकणाच्या बाटलीत खळखळून फेस आणावा आणि अखेरीस बर्फ घालावा. वरून किसलेले जायफळ भुरभुरावे. मराठी घरातील कॉफीची ही जुनी खूण थंड कॉफीतही तितकीच खुलते.

रात्रभराची कॉफी

ज्यांना सकाळी वेळ नसतो, त्यांच्यासाठी दुसरी पद्धत आहे. जाडसर दळलेली ६० ग्रॅम निव्वळ कॉफी अर्धा लिटर थंड पाण्यात भिजवून शीतकपाटात बारा ते सोळा तास ठेवावी आणि स्वच्छ पातळ फडक्यातून गाळून घ्यावी. थंड पाण्यात आम्लता कमी उतरते, म्हणून ही कॉफी सौम्य लागते. हा अर्क शीतकपाटात तीन-चार दिवस टिकतो. दूध मिसळलेली कॉफी मात्र बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये. कार्यालयात नेताना अर्क व दूध वेगवेगळे न्यावे.

मात्रेचे भान

इलेक्ट्रॉनिक सिटीतील अनेकांचे काम परदेशातील घड्याळाप्रमाणे चालते. रात्री जागण्यासाठी घेतलेल्या कॉफीतील कॅफीनपैकी निम्मे सुमारे पाच तासांनंतरही शरीरात असते आणि पहाटेची झोप त्याने हिरावली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफीन घेऊ नये. १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ते ८० ते १२० मिलिग्रॅम असते. थंड कॉफी पाण्यासारखी घटाघट प्यायली जाते, म्हणून तिची मोजदाद अधिक काटेकोरपणे ठेवावी. गर्भवतींनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जेवणाच्या आधी व नंतर तासभर कॉफी टाळावी, कारण ती अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणते.

शिलकीचा विचार

आता हिशेब. समजा, बाहेर एका पेल्याला २०० रुपये पडतात. घरी १५ ग्रॅम भुकटीचे किलोला ८०० रुपये दराने १२ रुपये, १०० मिलिलिटर दुधाचे लिटरला ६० रुपये दराने ६ रुपये आणि साखर, गॅस, बर्फ यांचे ४ रुपये, असे एकूण २२ रुपये होतात. शिल्लक १७८ रुपये. भाव स्थळानुसार बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील. मित्रांसमवेत बाहेर बसण्याचा आनंद सोडण्याचे कारण नाही. महिन्यातील केवळ बारा पेले घरचे झाले, तरी २,१३६ रुपये वाचतात. त्यातून दरमहा २,००० रुपयांची आवर्ती ठेव सुरू केली, तर पाच वर्षांत मुद्दलच १,२०,००० रुपये होते, व्याज निराळेच.

अशी रक्कम गावाकडील आई-वडिलांच्या औषधोपचारासाठी किंवा मुलांच्या शाळेच्या प्रवेशासाठी उपयोगी पडते. बचत म्हणजे इच्छा मारणे नव्हे. तीच इच्छा अधिक समजून पूर्ण करणे होय. फिल्टरमधून थेंबाथेंबाने झिरपणारा अर्क घाई केल्यास फिका उतरतो आणि धीर धरल्यास दाट. ठेवीचेही असेच असते.