शाफ्टवरचं ‘एस’ नेमकं काय सांगतं?

ऑफिसच्या आउटिंगमुळे म्हणा किंवा शेजाऱ्याच्या आग्रहामुळे म्हणा, तुम्ही गोल्फच्या नादी लागला असाल तर ड्रायव्हर घेताना हा प्रश्न येतोच: फ्लेक्स कोणता हवा? म्हणजे क्लबचा दांडा, शाफ्ट, किती लवचिक हवा. त्यावर एल, ए, आर, एस, एक्स यांपैकी एक अक्षर असतं. एल सर्वांत लवचिक, एक्स सर्वांत ताठ. ढोबळ हिशेब असा: ड्रायव्हरच्या डोक्याचा वेग ताशी 85 ते 95 मैल असेल तर आर, 95 ते 105 असेल तर एस.

गंमत म्हणजे या अक्षरांना कोणतंही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका ताठ निघू शकतो. खरं मोजमाप म्हणजे ग्रिपचं टोक घट्ट आवळायचं, दुसरं टोक ओढून सोडायचं आणि मिनिटाला किती हेलकावे होतात ते मोजायचं. ड्रायव्हरसाठी हा आकडा 250 च्या आसपास येतो, म्हणजे एका हेलकाव्याला साधारण पाव सेकंद.

वाकलेला शाफ्ट गलोलीसारखा चेंडू फेकतो, असं बरेच जण समजतात. पण चेंडू आणि क्लब यांचा स्पर्श टिकतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद, हेलकाव्याच्या सुमारे पाचशेवा भाग! तेवढ्यात शाफ्टला काही करायला वेळच नसतो. चेंडूच्या दृष्टीने त्याला धडकतं ते जवळजवळ सुटं, 200 ग्रॅमचं डोकं.

शाफ्टचं काम त्याआधीच होऊन गेलेलं असतं. क्लब खाली आणायला लागताच जड डोकं मागे रेंगाळतं आणि शाफ्ट मागे वाकतो. चेंडूपाशी येताना उलटं होतं. डोक्याचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेच्या थोडा मागे असतो आणि वर्तुळात फिरणारं डोकं वीस किलोंहून अधिक जोराने बाहेर ओढत असतं. या ओढीत गुरुत्वमध्य रेषेत येऊ पाहतो, म्हणून शाफ्ट पुढे वाकतो. क्लबचा चेहरा किंचित वर आणि आत वळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू फार मऊ शाफ्टने उंच आणि डावीकडे, तर फार ताठ शाफ्टने खाली आणि उजवीकडे जाण्याकडे कल असतो, तो यामुळे.

आणि नुसता वेग पुरेसा नाही. वेग तोच, पण वरून झटका देऊन सुरुवात करणारा शाफ्टला जास्त वाकवतो. त्याला थोडा ताठ शाफ्ट मानवतो. क्रिकेट खेळत वाढलेल्यांनी आपला हात यातला आहे का, ते बघावं.

दुकानात लाँच मॉनिटर असेल तर डोकं तेच ठेवून आर आणि एस दोन्ही मागा. वजन शक्यतो सारखं असू द्या, कारण एस बहुधा काही ग्रॅम जड असतो आणि मग फरक कशाचा ते कळत नाही. अक्षरांवर चिकटपट्टी लावायला सांगा (‘एस’ दिसलं की माणूस उगाच जोर लावतो). आलटून पालटून प्रत्येकी दहा चेंडू मारा आणि सर्वांत लांब गेलेला चेंडू विसरून दहाही कुठे कुठे पडले ते पाहा. ज्या शाफ्टचे चेंडू कमी पसरलेत, त्याची चिकटपट्टी काढा.